प्रोग्रामिंग लॉजिक आणि डिझाइन : प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम

संगणकाला काम सांगण्यापूर्वी त्या कामाची पायरीपायरीने मांडणी कशी करावी, हे शिकवणारा महाविद्यालयीन पातळीवरचा पहिला अभ्यासक्रम. एखादी विशिष्ट प्रोग्रामिंग भाषा शिकवणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. काय दिले आहे, काय हवे आहे आणि मधल्या पायऱ्या कोणत्या, हे कागदावर नि:संदिग्ध लिहिता यावे, एवढीच त्याची मागणी असते आणि नवख्या विद्यार्थ्याला तीच सर्वांत जड जाते. अमेरिकेतील दोन वर्षांच्या महाविद्यालयांत हा विषय याच नावाने स्वतंत्रपणे शिकवला जातो. मुंबईत तो बहुधा एखाद्या भाषेच्या पेपरात मिसळून येतो. मुंबई विद्यापीठाच्या २०१६–१७ च्या बी.एस्सी. आयटी अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला ‘इम्परेटिव्ह प्रोग्रामिंग’ हा सी भाषेवर बेतलेला पेपर होता. स्यूडोकोड (साध्या भाषेत ओळीओळीने लिहिलेल्या पायऱ्या) आणि फ्लोचार्टची (त्याच पायऱ्या आकृत्या व बाणांनी दाखवणाऱ्या आलेखाची) चिन्हे त्याच्या पहिल्याच युनिटमध्ये येत. अशा मिश्रणात विचाराचा भाग घाईत उरकला जातो आणि विद्यार्थी अर्धविराम कुठे राहिला ते शोधत बसतो. म्हणून हा विषय वेगळा काढून, भाषेच्या आधी शिकवणे अधिक योग्य आहे.

आशय. अभ्यासक्रमाचा कणा तीन रचनांचा आहे : क्रम, निवड आणि पुनरावृत्ती. कोणतीही गणनप्रक्रिया एवढ्या तीन रचनांत मांडता येते, हे कोराडो बोम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या इटालियन संशोधकांनी १९६६ मध्ये सिद्ध केले. १९६८ मध्ये डच शास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ या आज्ञेविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केले. ‘गो टू’मुळे प्रोग्राम कुठूनही कुठेही उडी मारतो आणि वाचणाऱ्याला त्याचा माग काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आजचा अभ्यासक्रम याच विचारातून घडला आहे. चल, स्थिरांक, अ‍ॅरे आणि फंक्शन ही प्रकरणे त्यानंतर येतात : चल म्हणजे बदलू शकणारी किंमत धरणारे नाव, स्थिरांक म्हणजे न बदलणारी किंमत, अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली क्रमाने ठेवलेल्या किमतींची यादी आणि फंक्शन म्हणजे नाव दिलेला, पुन्हा वापरता येणारा पायऱ्यांचा गट.

फ्लोचार्ट संगणकाहून जुना आहे. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये कारखान्यातील कामाच्या पायऱ्या आलेखाने मांडल्या. हरमन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती कल्पना संगणकाच्या प्रोग्रामसाठी वापरली. सुरुवात-शेवटासाठी लंबगोल, माहिती घेण्या-देण्यासाठी समांतरभुज चौकोन, क्रियेसाठी आयत आणि निर्णयासाठी समभुज चौकोन ही चिन्हे आता सर्वत्र सारखीच असतात. लहान कामासाठी फ्लोचार्ट उत्तम. पण काम पानभराच्या पुढे गेले की बाणांचे जाळे होते आणि स्यूडोकोडच बरा पडतो.

निवड : बसभाड्याचे उदाहरण. जुलै २०१९ मध्ये बेस्टने भाडी उतरवली, तेव्हा साध्या बसचे दर ५ किलोमीटरपर्यंत ५ रुपये, १० पर्यंत १०, १५ पर्यंत १५ आणि त्यापुढे २० रुपये असे होते. मुंबईच्या विद्यार्थ्याला समजावून न सांगता कळणारे हे उदाहरण असे लिहिता येते (‘<=’ म्हणजे त्याहून कमी किंवा तितकेच, ‘<’ म्हणजे फक्त कमी) :

सुरुवात
अंतर वाचा
जर अंतर <= ५ तर भाडे = ५
नाहीतर जर अंतर <= १० तर भाडे = १०
नाहीतर जर अंतर <= १५ तर भाडे = १५
नाहीतर भाडे = २०
भाडे दाखवा
शेवट

एवढ्याशा मजकुरात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अटींचा क्रम उलटा केला आणि ‘<= १५’ ही अट आधी तपासली, तर तीन किलोमीटर जाणाऱ्यालाही १५ रुपये पडतील; संगणक कुठलीही चूक दाखवणार नाही. ‘<=’ च्या जागी ‘<’ लिहिले, तर बरोबर ५ किलोमीटरवर उतरणारा पुढच्या टप्प्यात जाईल. त्यामुळे चाचणीसाठी मधले आकडे फारसे उपयोगी नसतात. ५, १० आणि १५ या सीमा तपासाव्या लागतात. अंतर उणे तीन असे आले तर काय, हा प्रश्न मांडणीत उरतोच. वरच्या लिखाणात त्याचे उत्तर ५ रुपये येते, म्हणजे ते लिखाण अजून अपुरे आहे.

डिझाइन हा शब्द नावात का आहे, ते पुढच्या टप्प्यावर कळते. वातानुकूलित बसचे तेव्हाचे दर ६, १३, १९ आणि २५ रुपये होते. तेवढ्यासाठी चारही टप्पे पुन्हा लिहिणारा विद्यार्थी चुकत नाही, पण मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, तेव्हा त्याला सगळा प्रोग्राम चाळावा लागला असता. ज्याने सीमा आणि दर दोन वेगळ्या अ‍ॅरेंत ठेवले आणि लूपने (पुनरावृत्तीच्या रचनेने) योग्य टप्पा शोधला, त्याला फक्त आकडे बदलायचे असतात. टप्पे वाढले तरी तर्क तोच राहतो. बदलणारी माहिती आणि न बदलणारा तर्क वेगळे ठेवणे ही या अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाची शिकवण आहे. ती अनेकदा शेवटच्या आठवड्यात ढकलली जाते, हे चुकीचे आहे.

पुनरावृत्ती आणि ड्राय रन. किती नोंदी येणार हे आधी माहीत नसते, तेव्हा शेवट दाखवण्यासाठी एक खास किंमत ठरवतात. उदाहरणार्थ, तिकिटांच्या रकमा भरताना शेवटी −१. पहिली रक्कम लूपच्या आधी वाचायची, मग लूपमध्ये आधी बेरीज करायची आणि नंतर पुढची रक्कम वाचायची. हा क्रम बिघडला की १०, १५, ५, −१ या नोंदींची बेरीज ३० ऐवजी १९ किंवा २९ येते. नुसत्या उत्तराकडे पाहून ही चूक उमगत नाही. कागदावर प्रत्येक चलासाठी एक रकाना आखून, ओळीगणिक त्याची किंमत लिहीत गेले की ती लगेच दिसते. या तक्त्याला ड्राय रन म्हणतात. लॉजिक खऱ्या अर्थाने इथेच शिकले जाते.

अ‍ॅरेची मोजणी बहुतेक भाषांत शून्यापासून होते. पश्चिम रेल्वेची चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर ही धिम्या गाडीची स्थानके अ‍ॅरेत भरली, तर चर्चगेटचा क्रमांक ० आणि दादरचा ८ येतो; स्थानके मात्र ९ असतात. लूप ८ च्या आधीच थांबवला तर दादर सुटते, ९ पर्यंत नेला तर नसलेले स्थानक मागितले जाते. एकाने चुकण्याचा हा दोष अनुभवी प्रोग्रामरच्या हातूनही होतो.

मुंबईतील पूर्वपीठिका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती २,०४८ शब्दांची (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तेवढा माहितीचा गट) होती. अशा यंत्रावर स्मृती आणि यंत्रवेळ दोन्ही मोजकी असल्याने कागदावरची तयारी टाळता येत नसे. आज फोनवर प्रोग्राम क्षणात चालतो, म्हणून ती तयारी गळते आणि अभ्यासक्रमाला ती मुद्दाम शिकवावी लागते.

ऑनलाइन स्वरूप. केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यावरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (श्रेयांक) घेता येतात. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांचा सी++ भाषेवरचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमावर) आहे. त्यात ‘रिपीट’ ही सोपी आज्ञा आणि पडद्यावर रेषा काढणारे कासव यांच्या मदतीने विद्यार्थी सुरुवातीलाच लूप वापरून चौकोन काढतो. भाषेची औपचारिकता मागे ठेवून तर्क पुढे आणण्याचा हा उत्तम नमुना आहे. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रामिंगचे धडे मराठी आवाजातही मिळतात.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण बहुतेक वेळा तर्काची नसते. ती प्रश्न इंग्रजीत वाचण्याची असते. स्यूडोकोडला ठरावीक भाषा नसल्याने तो मराठीत लिहिण्यात काहीच उणेपणा नाही, आणि शिक्षकांनी तो स्वीकारायला हवा. पायथन ३ मध्ये ‘अंतर’ किंवा ‘भाडे’ अशी चलांची नावेही देवनागरीत चालतात. वापरणाऱ्याने ‘१२’ असे देवनागरी अंक टंकले, तरी टंकलेल्या मजकुराची संख्या करणारे ‘इंट’ हे फंक्शन त्यांचे बारा करते. प्रोग्रामच्या मजकुरात मात्र इंग्रजी अंकच लागतात.

ऑनलाइन पद्धतीची मोठी उणीव अशी की शिक्षकाला विद्यार्थ्याची वही दिसत नाही. स्वयंचलित तपासणी फक्त अंतिम उत्तर पाहते; मग विद्यार्थी ‘<’ चे ‘<=’ करून, कधी उलटे करून, उत्तर हिरवे होईपर्यंत बदलत राहतो. विरार लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ पाहता येतो, ड्राय रनचा तक्ता आखता येत नाही. ज्या अभ्यासक्रमांत हाताने लिहिलेल्या तक्त्याचा फोटो दर आठवड्याला मागितला जातो, तिथे ही उणीव बरीच भरून निघते. त्यासाठी लॅपटॉपही लागत नाही.

मूल्यमापन. एनपीटीईएलमध्ये साप्ताहिक असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. महाविद्यालयांत याशिवाय जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) असतो. तयार प्रोग्राम लिहून देणारी एआय साधने आल्यापासून जर्नलमधील कोडवरून विद्यार्थ्याला किती समजले हे ठरवणे कठीण झाले आहे, त्यामुळे व्हायवाचे महत्त्व वाढले आहे. परीक्षकाने जर्नलमधलीच एक अट बदलून ‘आता काय छापले जाईल?’ असे विचारले, की ड्राय रन केलेला विद्यार्थी पेन्सिल घेऊन रकाने आखायला लागतो.