रोजचं थोडंसं: ख्रिस्ती घरातल्या नेमाची पार्श्वभूमी

जानेवारी आला की चर्चच्या ग्रुपवर बायबल वाचनाचे प्लॅन फिरायला लागतात, वर्षात पूर्ण बायबल, रोज तीन-चार अध्याय, आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बरीच मंडळी लेवीय नावाच्या पुस्तकात अर्पणाच्या आणि कुष्ठरोग तपासायच्या नियमांत कुठेतरी अडकून पडलेली असतात. मग अपराधी वाटतं, मग आठवडाभर काहीच होत नाही, मग थेट पुढचा जानेवारी. यावर हल्ली सगळेच सांगतात की मोठं काही ठरवू नका, पाच मिनिटं द्या, एक वचन वाचा, पण रोज. ऐकायला हे एकदम आजच्या सेल्फ-हेल्पवाल्यांचं वाटतं. पण ख्रिस्ती लोकांत हा सल्ला फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास बघत गेलं की एकच प्रकार परत परत दिसतो, कुणीतरी कडक नेम बांधतं, तो सामान्य माणसाला झेपत नाही, मग दुसरं कुणीतरी येऊन तो लहान करतं.

मुळात ठरल्या वेळी प्रार्थना ही ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांकडूनच घेतली. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा हे आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असतं, आणि प्रेषितांची कृत्ये वाचलं तर पेत्र आणि योहान दुपारी तीनच्या प्रार्थनेला मंदिरात चाललेले दिसतात. नंतर दिदाखे नावाचं एक छोटंसं पुस्तक आहे, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं, त्यात नव्या विश्वासणाऱ्यांना सरळ सूचना आहे की प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणा आणि बुधवारी-शुक्रवारी उपास करा. बस. म्हणजे मिनिटाभराची प्रार्थना, तीनदा. हे पुस्तक शेकडो वर्षं हरवल्यासारखंच होतं, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका ग्रंथालयात त्याचं हस्तलिखित सापडलं.

मग आले वाळवंटातले साधू. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये लोक गाव सोडून वाळवंटात राहायला गेले, दिवसभर खजुरीच्या पात्यांच्या दोऱ्या आणि टोपल्या विणायच्या आणि स्तोत्रं म्हणायची. आपल्याला वाटतं हे लोक म्हणजे लोखंडाचे असणार, पण त्यांच्या आठवणींचे जे संग्रह आहेत त्यांत कंटाळ्याचीच चर्चा जास्त सापडते. संत अँथनीची (पदुआचा नाही, त्याच्या कितीतरी आधीचा इजिप्तमधला) एक गोष्ट आहे, तो एकदा अगदी मरगळून बसला आणि देवाला म्हणाला की मला तारण हवंय पण माझे विचार मला सोडत नाहीत, मी करू काय. थोड्या वेळाने बाहेर पडला तर त्याच्यासारखाच दिसणारा एकजण बसून दोरी विणतोय, मग उठून प्रार्थना करतोय, मग परत बसून विणतोय. तो देवदूत होता आणि म्हणाला, असं कर म्हणजे तरशील. यात मोठं प्रकटीकरण वगैरे काही नाही, थोडं काम, थोडी प्रार्थना, परत काम. मला तर हीच गोष्ट या सगळ्या विषयाचं मूळ वाटते.

पण त्या साधूंचा नेम जबरदस्त होता, काहीजण स्तोत्रसंहितेतली १५० च्या १५० स्तोत्रं एका दिवसात म्हणायचे अशी ख्याती होती. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियमावली लिहिली तेव्हा त्याने ती आठवड्यावर आणली, आणि वर लिहून ठेवलं की आपले वाडवडील हे एका दिवसात करत होते, आपण कोमट माणसं, निदान आठवड्यात तरी करू. इतका मोठा संत आणि स्वतःला कोमट म्हणतो, आणि त्या कोमटपणाला धरून वेळापत्रक बनवतो! ते युरोपात पुढे शेकडो वर्षं चाललं ते बहुतेक म्हणूनच.

मठाबाहेरच्या शेतकऱ्याला मात्र आठवड्याचंही जमणार नव्हतं, त्याला वाचताच येत नव्हतं. त्याच्यासाठी १५० स्तोत्रांच्या जागी पाठ असलेली प्रार्थना १५० वेळा म्हणणं आलं, मोजायला मणी आले, आणि त्यातून हळूहळू रोझरी तयार झाली, जिचं रूप १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पक्कं केलं. म्हणजे आजीच्या हातातली जपमाळ ही एका अर्थाने न वाचता येणाऱ्यांची स्तोत्रसंहिता आहे.

प्रोटेस्टंट लोकांनी मठ बंद केले, पण नेम सोडला नाही, तो घरात आणला. मार्टिन लूथरने १५२९ मध्ये घरच्या कर्त्यासाठी छोटं प्रश्नोत्तरांचं पुस्तक काढलं, त्यात सकाळी काय म्हणायचं, जेवताना काय, झोपताना काय, सगळं दिलंय, आणि सकाळची प्रार्थना झाली की गाणं म्हणत आनंदाने कामाला जा, रात्रीची झाली की लगेच झोपून जा, असंही लिहिलंय. पुढे १५३५ मध्ये त्याच्या न्हाव्याने, पेत्रने, त्याला विचारलं की प्रार्थना करू कशी, तर लूथरने चक्क एक पुस्तिका लिहून दिली. त्यात तो म्हणतो की "थांब, तासाभराने करतो, आधी हे काम उरकू दे" हा विचार आला की सावध हो, कारण त्या कामातून दुसरं काम निघतं आणि दिवस संपतो. आणि न्हाव्याला कळेल अशा भाषेत, की वस्तरा चालवताना लक्ष दुसरीकडे गेलं तर गिऱ्हाइकाचं नाक कापशील, तसंच हे. आता यातली कडू गोष्ट अशी की त्याच सुमारास या पेत्रच्या हातून दारूच्या नशेत जेवणाच्या टेबलावर जावयाचा खून झाला, लूथरने रदबदली केली म्हणून फाशी टळली आणि हद्दपारी झाली. चांगला नेम शिकवला म्हणजे माणूस सुटला, असं ज्याला वाटतं त्याने पेत्र न्हावी लक्षात ठेवावा.

इंग्लंडमध्ये आर्चबिशप क्रॅनमरने १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात मठातल्या दिवसभराच्या सगळ्या उपासना गोळा करून दोनवर आणल्या, सकाळ आणि संध्याकाळ, आणि स्तोत्रं आठवड्याऐवजी महिन्यात वाटून टाकली. प्रस्तावनेत त्याची तक्रार आहे की जुन्या पद्धतीत काय वाचायचं ते शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त वेळ जायचा. दिवस, आठवडा, महिना, बघा कसं सैल होत चाललंय.

आणि सगळ्यात लहान तुकडा केला तो जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोराव्हियन मंडळीने. छळामुळे पळून आलेली ही माणसं झिंझेंडॉर्फ नावाच्या काउंटच्या जमिनीवर राहत होती, आपसांत भरपूर भांडायची, १७२७ च्या ऑगस्टमध्ये समेट झाला आणि २४ पुरुष आणि २४ बायकांनी दिवसाचे तास वाटून घेतले, प्रत्येकाने आपल्या तासाला प्रार्थना करायची. ही साखळी शंभर वर्षांहून जास्त चालली असं सांगतात. मला त्यापेक्षा पुढच्या वर्षीची गोष्ट जास्त आवडते. ३ मे १७२८ ला संध्याकाळच्या सभेत झिंझेंडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली, आणि सकाळी कुणीतरी ती घरोघर जाऊन सांगितली. मग रोज तसंच. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचं पुस्तक छापायला लागले, ते आजही दरवर्षी निघतं, पन्नासहून जास्त भाषांत, आणि जुन्या करारातलं वचन अजूनही हेर्नहुटमध्ये चिठ्ठी काढून ठरतं. सकाळी व्हॉट्सअॅपवर गुलाबाच्या फोटोवर टाकलेलं वचन येतं ना, त्याचे खापरपणजोबा हे.

आजच्या वार्षिक प्लॅनचा उगम मात्र स्कॉटलंडमधला. डंडीच्या रॉबर्ट मॅकचेन या तरुण पाळकाने १८४२ च्या शेवटी आपल्या मंडळीसाठी तक्ता केला, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तीन महिन्यांत तो वारला, वय फक्त २९, पण तक्ता अजून चालू आहे. लोक तक्ता घेतात आणि त्याने सोबत लिहिलेले धोके विसरतात: हे नुसतं उरकणं होईल, वाचून झालं की मी किती चांगला असं वाटेल, निष्काळजीपणे वाचलं जाईल, आणि काहींना हे जड ओझं होईल. चारही धोके आज अॅपवरच्या स्ट्रीकला (न चुकता वाचलेल्या सलग दिवसांच्या आकड्याला) जसेच्या तसे लागू आहेत, विशेषतः दुसरा. स्ट्रीक तुटली म्हणून रडकुंडीला आलेली माणसं आहेत, वाचलेलं काय होतं ते विचारलं तर सांगता येत नाही. पुढे अॅनी मार्स्टन या संडे स्कूलच्या बाई मुलांना रोज वाचायच्या भागांच्या याद्या हाताने लिहून द्यायच्या, त्यावरून लंडनच्या एका मुलांच्या मिशनने १८७९ मध्ये कार्डं छापली आणि स्क्रिप्चर युनियनचं रोजचं वाचन सुरू झालं.

आता आपल्याकडे. मराठी माणसाला रोजचा नेम कुणी येऊन शिकवायची गरज नव्हती, घराघरात हरिपाठ होताच, काकडआरती होती, कीर्तन होतं. म्हणून इथे प्रश्न वेगळा होता, नेम आहे, त्यात गायचं काय? फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, त्याच्या ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, नवख्रिस्ती झालेला एकजण विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी द्या ना. उत्तर म्हणून १६१६ मध्ये राशोलला सुमारे ११ हजार ओव्यांचं पुराण छापून निघालं, ते चर्चमध्ये आणि घरांत वाचलं-गायलं गेलं. गोव्यात तेव्हा सक्तीही होती, देवळं पाडली गेली होती, धर्मशिक्षणाला हजर राहायचे हुकूम होते, ते झाकून हा इतिहास सांगण्यात अर्थ नाही. पण सक्तीने बसवलेला माणूस ओवी मनापासून गायला लागतो तेव्हा ती त्याची होते, हेही खरं. गोव्याच्या घरांतली संध्याकाळची तेर्स, म्हणजे घरातली रोझरी, तर आजही टिकून आहे, बाहेर कितीही बदललं तरी.

वसईला उलट झालं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता आणि तिच्यासोबत परदेशी पाद्री गेले, मोजके गोवेकर पाद्री उरले आणि गावं बरीच. रोज मिस्सा (पाद्रीने चालवायची कॅथलिक उपासना) मिळायची शक्यता नाही. अशा वेळी जे टिकतं ते घरात टिकतं, संध्याकाळची प्रार्थना, रोझरी, सणांची गाणी. वसईतल्या ख्रिस्ती घरांत रोझरीला एवढं महत्त्व का, याचं एक कारण मला इथे दिसतं.

प्रोटेस्टंट बाजूला अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलं. त्यांच्यातला जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईत उतरला, लवकरच मिशनचा पगार सोडला, बाजारवस्तीत साध्या खोलीत राहिला आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत रस्त्यावर मराठीत उपदेश करत राहिला, चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. बाप्तिस्म्यांचे आकडे म्हणाल तर हाताशी फारसं काही लागलं नाही. रोज वाचायच्या मननांचं त्याचं पुस्तक मात्र परदेशात खूप वाचलं गेलं. चिकाटीबद्दल बोलताना आपण यशस्वी माणसांचीच उदाहरणं देतो, बोवेनचं कुणी देत नाही.

नगरकडे मिशनऱ्यांनी आधी इंग्रजी चालीची भाषांतरित गीतं दिली, ती घरी जात्यावर कोण गाणार! कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन आणि देशी चाली आणल्या, आणि मग १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आले, जे म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग आणि पदं आजही 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकात आहेत आणि चष्मा न लावता म्हणणारी माणसं प्रत्येक मंडळीत सापडतात, कारण पाठ आहेत. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य, अर्धवटच होतं, जेमतेम सुरुवात झाली होती, उरलेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून काढलं, ज्यांचं शाळेतलं शिक्षण जवळजवळ नव्हतंच.

आणि पंडिता रमाबाई. १९०५ च्या सुरुवातीला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना विचारलं की रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल, तर सुमारे ७० जणी आल्या आणि महिन्यांगणिक संख्या वाढत गेली. जूनच्या अखेरीला जे संजीवन (मोठी धार्मिक जागृती) झालं त्याबद्दल सगळे लिहितात, त्याआधीच्या पाच-सहा महिन्यांच्या रोजच्या बैठकीबद्दल कमी. त्याच काळात रमाबाईंनी बायबलचं सोप्या मराठीत, बाईमाणसाला कळेल असं भाषांतर हाती घेतलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आश्रमाचा कारभार, दुष्काळातल्या मुली, विहिरी, शेती सांभाळून सुमारे १८ वर्षं ते चाललं. शेवटी कानाला ऐकू येईना, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी प्रुफं तपासणं चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा काम पूर्ण झालेलं होतं, आणि ते छापलं केडगावलाच, मिशनच्या प्रेसमध्ये, जिथे खिळे जुळवायला आश्रमातल्याच बायका होत्या.