शून्य कुणीच म्हणालं नाही

तालिबानचा वावर असलेल्या खेड्यात जाऊन “तुमचा पाठिंबा कुणाला, परदेशी फौजांना की तालिबानला?” असं थेट विचारलं, तर खरं उत्तर कोण देईल? विचारणारा संध्याकाळी निघून जातो. उत्तर देणाऱ्याला तिथेच राहायचं असतं.

२०११ साली जेसन लायल, ग्रेम ब्लेअर आणि कोसुके इमाई या संशोधकांनी अफगाणिस्तानच्या पाच पश्तूनबहुल प्रांतांतल्या २०४ गावांत २,७५४ पुरुषांना हेच विचारलं, पण आडवळणाने. तीन नावांची यादी वाचून दाखवायची: करझाई सरकार, ग्रामविकासाची एक सरकारी योजना, स्थानिक शेतकरी. यांपैकी कितींना तुमचा पाठिंबा आहे, तो फक्त आकडा सांगा. कुणाला ते सांगू नका. दुसऱ्या गटाच्या यादीत परदेशी फौजांचं नाव जास्तीचं, तिसऱ्याच्या यादीत तालिबानचं. सरासरीतल्या फरकावरून चौथ्या नावाला किती पाठिंबा ते कळतं, आणि कुणा एकाचं मन उघडं पडत नाही.

प्रत्येक गटात ९१८ जण होते. साध्या यादीला १८८ जणांनी ‘शून्य’ सांगितलं, परदेशी फौजांच्या यादीला १७४ जणांनी. तालिबानच्या यादीला एकानेही नाही! ‘चार’ही कुणी म्हणालं नाही. कारण शून्य म्हटलं की तालिबानला विरोध उघड, चार म्हटलं की पाठिंबा उघड. पद्धतीतली ही फट त्या गावकऱ्यांनी जागच्या जागी ओळखली. मला तो रिकामा रकाना साऱ्या अभ्यासात सर्वांत बोलका वाटतो. भीती इतकी स्वच्छ क्वचितच मोजली जाते.

दुसरी वाट जास्त उपयोगी पडली. तुरुंगसुधारणेसारखा एखादा प्रस्ताव एका गटाला नुसता सांगायचा, दुसऱ्याला ‘परदेशी फौजांचा’ म्हणून, तिसऱ्याला ‘तालिबानचा’ म्हणून. माणूस मत देतो प्रस्तावावर. नावामुळे ते किती सरकतं, तेवढंच मोजायचं.

त्यातून दिसलं ते असं. परदेशी फौजांमुळे स्वतःला किंवा घरच्यांना झळ पोचली असेल, तर फौजांचा पाठिंबा घटत होता आणि तालिबानचा वाढत होता. तालिबानने इजा केली, तर मात्र माणसं फौजांकडे वळत नव्हती. आपल्यातल्याचा आणि बाहेरच्याचा घाव एकाच मापाने मोजला जात नव्हता. तालिबानच्या अत्याचारांना विटून लोक आपसूक आपल्याकडे येतील, असा हिशेब परदेशी सैन्याने धरला असेल, तर या गावांमध्ये तो जुळत नव्हता.