‘फोनवर एवढंच सांगा, खर्च किती येईल?’

दवाखान्याचं दार उघडतानाच फोन वाजायला लागतो. "डॉक्टर, कुत्रा कालपासून उलट्या करतोय. एकूण किती खर्च येईल?" प्रश्न रास्तच आहे. घरात आजारी जीव आहे, महिन्याचा हिशेब आधीच ठरलेला आहे आणि हा खर्च त्यात कुणीच धरलेला नसतो. तरी फोनवर आम्ही आकडा सांगत नाही, आणि त्यावरून काही जण नाराज होतात. ती नाराजी दूर व्हावी आणि तुमचे पैसेही वाचावेत, म्हणून हे पत्रक काढलं आहे. जरा वेळ काढून वाचा.

उलटी ही तक्रार झाली, आजार नव्हे. नको ते खाल्लं म्हणून कुत्रा उलट्या करतो. लस न झालेल्या पिल्लाला पार्व्हो (विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) झाला तरी सुरुवात उलट्यांनीच होते. म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडं थकली की उलट्या होतात, आणि मोजा किंवा चेंडूचा तुकडा आतड्यात अडकला तरीही होतात. पहिल्याचं काम एका इंजेक्शनात आणि दिवसभराच्या पथ्यात भागतं, शेवटच्याचं पोट उघडावं लागतं. फोनवर सांगितलेला आकडा कमी निघाला तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटणार, आणि मोठा सांगितला तर तुम्ही येणारच नाही. यातलं दुसरं जास्त वाईट. तपासणीची फी, रक्ततपासणी, एक्सरे, सोनोग्राफी यांचे दर मात्र ठरलेले आहेत. ते फोनवर विचारा, लगेच सांगू. काउंटरवरही लावून ठेवले आहेत.

हे पत्रक खरं तर ज्या एका चुकीसाठी लिहिलं, ती अशी: बिलाच्या धास्तीने ‘दोन दिवस बघू’ म्हणत थांबणं. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या बिलांपैकी बरीचशी या दोन दिवसांत तयार होतात.

एक उदाहरण सांगतो. चार वर्षांचा, अंगाने जरा भरलेला, घरातच राहणारा बोका. मालकांनी निरोप पाठवला होता की त्याला शी होत नाही, सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय. घरी बद्धकोष्ठाचं औषध दिलं, दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून आणला. एरवी दवाखान्यात फिस्कारणारा हा बोका टेबलावर ठेवला तसा पडून राहिला. पोटाला हात लावला तर मूत्राशय संत्र्याएवढं फुगलेलं आणि दगडासारखं टणक. त्याला शी होत नव्हती असं नव्हतंच, लघवी अडकली होती. बोक्याचा लघवीचा मार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट मळ अडकला की बाहेर पडायला वाटच उरत नाही. तुंबलेल्या लघवीमुळे रक्तात पोटॅशियम वाढतं, ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकतं. त्याला आधी सलाईन लावलं, हृदय सांभाळणारी इंजेक्शनं दिली. जीव थोडा सावरल्यावर भूल देऊन लघवीच्या मार्गात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घातला. त्यानंतर चार दिवस रोज रक्ताची तपासणी. पहिल्याच संध्याकाळी आला असता तर बहुधा कॅथेटर आणि एखाद-दोन दिवसांत निभावलं असतं.

बोका वाचला. बिल देताना मालक म्हणाले, "खर्चाचा विचार करूनच थांबलो होतो हो." त्यांचा आवाज अजून कानात आहे. त्या माणसाचं मांजरावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये, त्यांनी दोन रात्री जागून काढल्या होत्या. पण ते जागरण दवाखान्याच्या वाटेवर व्हायला हवं होतं.

म्हणून एवढं लक्षात असू द्या: बोका सारखा वाळूत जाऊन बसतोय आणि वाळूत लघवीचा ओला गोळा दिसत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मोठ्या अंगाच्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं, ओकाऱ्या येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि हातात मोजके तास असतात. नसबंदीचं ऑपरेशन न झालेली कुत्री माजावरून उतरल्यानंतर महिना-दोन महिन्यांत अचानक खूप पाणी प्यायला लागली, मरगळली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसायलाच हवा असं नाही. झटका (फिट) पाच मिनिटांच्या पुढे चालू राहिला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं, तर सरळ गाडीत घाला आणि वाटेत फोन करा.

मांजराच्या खाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे चांगली माणसंही चुकतात. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर फारसं बिघडत नाही. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि मूळ आजार बाजूला राहून यकृतच आजारी पडतं. मग नळीवाटे आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू नाही.

थांबण्याच्या या दिवसांत घरोघरी आणखी एक गोष्ट होते: औषधांच्या डब्यातली गोळी दिली जाते. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करण्याची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती मांजराकडे फार तोकडी असते. रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. गंमत वाटेल, पण अनेकदा ताप नसतानाच ही गोळी दिलेली असते. कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते गरम लागणारच.

गोळी दिली असेल तर ती सांगा, आणि पहिल्याच वाक्यात सांगा. आम्ही रागावणार नाही. लपवलं की आमचा वेळ आजार शोधण्यात जातो आणि तुमचे पैसे तपासण्यांत. शिवाय एक वेदनाशामक पोटात असताना दुसरं देता येत नाही, काही दिवस मध्ये जावे लागतात. तेवढे दिवस प्राण्याला दुखत राहतं. गोळीचं पाकीट सोबत आणा. विषारी काही खाल्लं असेल तर तेच: उंदराचं औषध, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम. साधारण पहिल्या दोन तासांत पोहोचलात तर बऱ्याच वेळा उलटी करवून विष बाहेर काढता येतं. घरी मीठ पाजून उलटी करवू नका. त्या मिठानेच प्राणी दगावू शकतो.

आता पैशाबद्दल. तपासणीच्या टेबलावर पैशाचा विषय काढायला लोक संकोचतात. आपण कंजूष दिसू, प्रेम कमी आहे असं डॉक्टरांना वाटेल, अशी भीती असते. आम्हाला तसं अजिबात वाटत नाही. ‘आमच्याकडे एवढेच आहेत, यात काय करता येईल?’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत बोललात तर आम्हाला फार मदत होते. तपासणी झाली की आम्ही अंदाजपत्रक लिहून देतो. त्यात शक्य असेल तिथे दोन किंवा तीन मार्ग असतात आणि प्रत्येकापुढे खर्च, फायदा आणि धोका लिहिलेला असतो. पार्व्हो झालेल्या पिल्लाला दवाखान्यात ठेवून चोवीस तास सलाईन देणं सगळ्यात चांगलं. ते झेपत नसेल तर सकाळ-संध्याकाळ आणून कातडीखाली सलाईन आणि इंजेक्शनं देता येतात. वाचण्याची शक्यता थोडी कमी होते, पण निवडक पिल्लांत हा मार्गही चांगला चालतो. खर्चाच्या मर्यादेत केलेला उपचार आम्ही अर्ध्या मनाने करत नाही. मात्र मर्यादा तिसऱ्या दिवशी कळली तर तोवर पैसे भलत्या ठिकाणी खर्च झालेले असतात.

‘माणसाच्या डॉक्टरपेक्षा तुमचं बिल जास्त’ असंही ऐकायला मिळतं. रक्ताचं यंत्र, एक्सरे, भुलीची औषधं, कॅथेटर, टाक्यांचा दोरा यांचं प्राण्यासाठी वेगळं स्वस्त दुकान नाही. माणूस ‘इथे दुखतंय’ म्हणून बोट दाखवतो. प्राणी दाखवू शकत नाही, म्हणून तपासण्या जास्त लागतात. माणूस एक्सरेसाठी श्वास रोखून पडून राहतो. दुखऱ्या पायाच्या कुत्र्याला त्यासाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि गुंगी दिली की त्याचे ठोके आणि श्वास पाहत एक माणूस शेजारी उभा ठेवावा लागतो. आम्ही उधारी ठेवत नाही ती याच कारणाने, औषधं आणि प्रयोगशाळेचे पैसे आम्हाला त्याच दिवशी मोजावे लागतात. हप्ते मात्र करून देतो, फक्त ते उपचार सुरू होण्याआधी कागदावर ठरवायचे. बिल बाकी आहे म्हणून कुणाचा प्राणी आजवर अडकवून ठेवलेला नाही.

फोटो पाहून औषध लिहून द्यायलाही आम्ही नाही म्हणतो. कानातली दुर्गंधी, पोटातला गोळा, हृदयातली कुरकुर फोटोत येत नाही. व्हिडिओ मात्र जरूर काढा आणि घेऊन या. झटका, खोकला, लंगडणं हे सगळं घरी होतं आणि दवाखान्यात आल्यावर भीतीने गायब होतं. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कधी कधी एक तपासणी वाचवतो.

प्राणी भरती असेल तर घरातल्या एकाच माणसाने आमच्याशी बोलावं, ही कळकळीची विनंती. दुपारपर्यंत एकाच घरातून वडील, मुलगी आणि मावशी असे तीन फोन येतात. तिघांची काळजी खरी असते, पण तीच माहिती तीनदा सांगताना आत सलाईनवर असलेल्याकडे दुर्लक्ष होतं.

लांबलेल्या आजारात, म्हणजे मूत्रपिंड, हृदय, कर्करोग, मधुमेह अशा दुखण्यांत, माणसं प्राण्याआधी थकतात. अपराधी वाटून घेऊ नका. कॅलेंडरवर रोज एक खूण करा: आज तो जेवला का, आपल्याआपण उठला का, तुम्हाला पाहून शेपटी हलवली का. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त दिसायला लागले की ते कॅलेंडर घेऊन या, आपण बसून बोलू. उपचार थांबवून फक्त वेदना कमी ठेवणं हाही उपचारच आहे. शांतपणे निरोप द्यायची वेळ आली असेल तर तेही आम्ही स्पष्ट सांगतो. या बोलण्याचे पैसे आम्ही घेत नाही. घाईही करत नाही. शक्यतो दवाखाना बंद व्हायच्या वेळी या, म्हणजे मागे कुणी ताटकळत नसतं.

खर्च टाळता येण्यासारखा असेल तर तो आधीच टळावा असं आम्हालाही वाटतं. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत पुऱ्या केल्या तर पार्व्होची धास्ती जवळजवळ संपते. वेळेवर नसबंदी केली तर गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच येत नाही. गोचिडांचं औषध नियमित लावलं तर गोचीडतापाची शक्यता बरीच कमी होते. सात वर्षांपुढे वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या. मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसत नाही. लघवीची तपासणी बऱ्याचदा त्याआधी इशारा देते, आणि लवकर कळलेला आजार खाण्याच्या पथ्यावर बरीच वर्षं निभावतो. विमा घ्यायचा असेल तर प्राणी धडधाकट असतानाच घ्या. आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च विमा सहसा देत नाही.

झोपेतले श्वास कसे मोजायचे तेही शिकून घ्या. गाढ झोपेत असताना छाती वर-खाली झाली की एक, असं पूर्ण मिनिट मोजा. कुत्रा असो की मांजर, आकडा तीसच्या आत हवा. रोज तीसच्या वर जायला लागला तर हृदय किंवा फुप्फुसं तपासायला हवीत. याला यंत्र लागत नाही.

वजनकाटा आम्ही दाराशीच ठेवला आहे. चार किलोच्या मांजराचं एक किलो घटलं, तर साठ किलोच्या माणसाचं पंधरा किलो घटल्यासारखं ते असतं, आणि दाट केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही. महिन्यातून एकदा आत येऊन वजन करून जा. त्याचे पैसे नाहीत, नंबर लावायचीही गरज नाही. पहिल्या भेटीत आम्ही एक वही देतो, तिच्या मागच्या पानावर वजन आणि तारीख लिहीत जा. आजारपणात येताना ती वही, आधीच्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची पाकिटं सोबत असू द्या. मांजर हातात धरून न आणता पेटीतच आणा, आणि पेटी दोन दिवस आधीपासून घरात उघडी ठेवा, म्हणजे ते आपणहून आत जाऊन बसेल.