मशीनची बॅटरी कुठे खर्च होते?

पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट चालू ठेवणारं यंत्र) बसवलेल्या माणसाबद्दल आमच्या कोकणात ‘त्यांना मशीन बसवलंय’ असं म्हणतात, आणि त्यामागोमाग हमखास येणारा प्रश्न असतो, ‘बॅटरी संपली की काय करूचा?’

नुसती बॅटरी काढून नवी घालता येत नाही. ती आणि सर्किट टायटॅनियमच्या एकाच डबीत सीलबंद असतात, त्यामुळे कातडी उघडून अख्खी डबी बदलावी लागते. हृदयापर्यंत गेलेल्या तारा चांगल्या असल्या तर त्या तशाच ठेवतात. शस्त्रक्रिया छोटी असते, पण जंतुसंसर्गाची भीती पहिल्या खेपेपेक्षा जास्त. शिवाय गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठायची, सोबत कोणीतरी न्यायचं, म्हणजे घरचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. बॅटरी दोन-तीन वर्षं जास्त टिकली तर सत्तरीच्या माणसाची एक खेप कायमची वाचू शकते.

मोबाइलसारखी चार्ज का करत नाहीत? सुरुवात तशीच झाली होती. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर बाहेरून, कातडीतून चार्ज होणारा होता. तो काही तासच चालला. (लार्सन यांनी पुढे आयुष्यभरात २६ पेसमेकर वापरले आणि २००१ मध्ये ८६व्या वर्षी ते गेले, तेही हृदयविकाराने नव्हे.) नंतर आलेले पाऱ्याचे सेल दोनेक वर्षांत संपत आणि त्यांतून वायू सुटे, म्हणून डबी पूर्ण बंद करता येत नसे. १९७२ पासून लिथियम-आयोडीन बॅटरी आली. तिच्यातून वायू निघत नाही आणि ती अचानक दगा देत नाही. तिचा अंतर्गत रोध हळूहळू वाढत जातो, त्यावरून शेवट जवळ आल्याचं आधीच कळतं. चार्जिंगची जबाबदारी रुग्णावर टाकण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो!

आता हिशेब. बॅटरीची क्षमता साधारण १ अँपिअर-तास धरू. यंत्र सरासरी २० मायक्रोअँपिअर ओढत असेल तर ती ५० हजार तास, म्हणजे पावणेसहा वर्षं पुरेल. ओढ १२ वर आणली की साडेनऊ वर्षं. सर्किट जागं ठेवायला लागणारा खर्च टळत नाही. कमी करता येतो तो ठोक्यांवरचा.

हृदयाला ठोका द्यायला ठरावीक किमान व्होल्टेज लागतं. तार नवी असताना तिच्या टोकाशी सूज येते आणि ही गरज काही आठवडे वाढते, म्हणून सुरुवातीला व्होल्टेज मुद्दाम चढं ठेवतात. सूज उतरल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, डॉक्टर प्रोग्रामर (बाहेरून यंत्राची मांडणी बदलणारं उपकरण) लावून ते खाली आणतात, सुरक्षिततेसाठी किमान गरजेच्या दुपटीच्या आसपास ठेवून. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, ३.५ व्होल्टचे २ केले की प्रत्येक ठोक्याची ऊर्जा एक तृतीयांशावर येते. दिवसाला सुमारे लाखभर ठोके पडतात, हे ध्यानात घ्या.

आपल्याकडे नेमकी हीच तपासणी चुकते. टाके भरले, चक्कर थांबली, माणूस काजूच्या बागेत फिरायला लागला. मग ‘पाऊस सरला की जाऊ’. बऱ्याच नव्या यंत्रांत व्होल्टेज आपोआप जुळवण्याची सोय असते, पण ती चालू आहे का हेही कोणीतरी पाहायला हवं.

दुसरी बचत अनावश्यक ठोक्यांची. अनेकांचं हृदय अधूनमधूनच अडखळतं. त्यांच्या यंत्राला ‘आधी थोडं थांब, हृदय स्वतः ठोका देतं का बघ’ असं सांगता येतं. यात हृदयाचंही भलं आहे, कारण उजव्या जवनिकेला (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला) विनाकारण सतत ठोके देत राहिल्याने काही रुग्णांत हृदय दुबळं होतं. ज्यांची वहनव्यवस्था, म्हणजे हृदयात ठोक्याचा विद्युत संकेत पोचवणारी यंत्रणा, पूर्ण बंद पडली आहे, त्यांना मात्र प्रत्येक ठोका यंत्राचाच लागतो. तिथे ही काटकसर चालत नाही.

बदलायची वेळ आली की यंत्र तशी नोंद दाखवतं. तिथून पुढे साधारण तीन महिने हातात असतात. नोंद जूनमध्ये दिसली तर शस्त्रक्रिया गणपतीआधी उरकायची, नंतर नाही.