बोका रुसला नव्हता, तुंबला होता

चवथीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. घरात माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधायची गडबड, मुंबईहून काका-काकू आलेले, सोप्यावर बॅगांचा ढीग, आणि आमचा बोका काळू बाथरूमच्या लादीवर बसतोय, उठतोय, परत बसतोय. रेतीचा ट्रे सोडून त्याने काकांच्या बॅगेवर चार थेंब टाकले तेव्हा आईने निकालच देऊन टाकला, "रुसलाय तो, पाहुणे आले ना घरात, मुद्दाम करतो." मलाही पटलं. संध्याकाळी तो पलंगाखाली जाऊन बसला, नुस्त्याच्या (माशाच्या) वासालाही बाहेर येईना, उचलायला गेलो तर गुरगुरला आणि पोटाला हात लागला तर आत मोसंब्याएवढा कडक गोळा. गोव्यातल्याच फोंड्याला व्हेटकडे नेला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "शेवटची लघवी कधी केली?" मला सांगता आलं नाही, कारण दिवसभर तो लघवीला बसताना मी बघत होतो पण होतेय का ते कुणीच बघितलं नव्हतं.

बोक्याची लघवीची नळी शेवटी शेवटी फार बारीक होत जाते. मूत्राशयाला सूज आली की चिकट द्रव, पेशींचा कचरा आणि खड्यांची बारीक रेती मिळून बूच तयार होतं आणि ते नेमकं तिथे अडकतं. मांजरीची नळी रुंद आणि आखूड, म्हणून तिला त्रास होतो पण सहसा असं पूर्ण तुंबत नाही. तुंबलं की लघवीवाटे बाहेर जायचं पोटॅशियम रक्तात साठायला लागतं, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत बोका जातो. म्हणजे "सकाळी बघू" म्हणण्याइतका वेळ नसतो हो. काळूला भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं, तीन दिवसांनी घरी आणला. लोक यात हमखास फसतात ते बद्धकोष्ठ समजून, कारण कुंथताना दोन्हीत सारखंच दिसतं, मग कुणीतरी एरंडेल पाजतं आणि आणखी एक दिवस जातो.

गंमत म्हणजे आई अर्धी बरोबर होती. या सुजेत पुष्कळदा जंतू सापडतच नाहीत. घरात नवीन माणसं, सामान हलवलेलं, जेवणाच्या वेळा चुकलेल्या, असल्या ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, हे आता व्हेट लोकांना चांगलंच माहीत आहे. त्यात मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान मुळातच कमी आणि लघवी घट्ट, आणि आपण त्याला दहा टक्केच पाणी असलेलं कोरडं पॅकेटचं खाणं घालतो. म्हणजे पाहुण्यांमुळे झालं हे खरं, पण सूड वगैरे काही नाही. मांजराला सूड घ्यायचा म्हणून मुतता येत नाही, एवढा प्लॅन त्याच्या डोक्यात नसतो, बॅगेवर केलं कारण मऊ होतं आणि ट्रेमध्ये बसलं की दुखतं हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. आता खाणं भिजवून देतो, पाण्याची तीन भांडी ठेवलीत, आणि पाहुणे आले की काळूची मागची खोली त्यांना बंद.

मांजर दुखणं लपवतं, कुत्र्याचं उलटं. तो लपवाछपवी कमी करतो, पण आपणच त्याच्या वागण्याला भलतं नाव देतो. पावसाळा संपता संपता आमचा टायगर सुस्त झाला, पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला तरी उठेना, पाव समोर धरला तर हुंगून सोडला. वय झालं असं आम्ही ठरवून टाकलं, आणि वय किती, तर पाच! मग एका सकाळी पाण्याच्या भांड्यात रक्ताचे थेंब दिसले, नाकातून येत होतं. टिक फीव्हर. गोचीड चावताना एर्लिकिया नावाचा जंतू अंगात सोडते, तो पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो, मग ताप येतो आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स कोसळतात. यातली वाईट गोष्ट अशी की सुरुवातीचा ताप कधीकधी आपोआप जातो, कुत्रा बरा दिसतो, आणि जंतू कित्येक महिने आत दडून राहतो. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी साधारण चार आठवडे द्यावी लागते, आणि बहुतेक घरांत आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं की गोळ्या बंद होतात.

आणि गोचिडीचं म्हणाल तर कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या घरात असतात. ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी खाली पडून भिंतीच्या फटीत जाते, मादी तिथेच हजारोंनी अंडी घालते. आमच्याकडे चिऱ्याची भिंत, गिलावा अर्धाच, म्हणजे प्रत्येक भोक एक फ्लॅट. म्हणून नुसती आंघोळ घालून काही होत नाही. रॉकेल तर लावूच नका, कातडी भाजते. आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध उरलं म्हणून मांजराला टाकू नका, त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. तसंच ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल नको, मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही, 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरते.

घरी एक गोष्ट मात्र करण्यासारखी आहे, जनावर बरं असताना ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघून ठेवा. बहुतेकांच्या गुलाबी असतात, काहींच्या मुळातच काळ्या. नेहमीच्या गुलाबी एकदम पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी व्हेट. थर्मामीटर लावता येत असेल तर कुत्र्याला 102 फॅरनहाइट हा ताप नाही, तेवढं त्याचं नॉर्मलच असतं, नाहीतर उगाच घाबराल. आणि विचित्र काही करत असेल तर आधी मोबाईलवर व्हिडिओ घ्या, क्लिनिकच्या टेबलावर चढला की लंगडणाराही सरळ चालतो, टायगरचं नेहमीचंच आहे.

राहता राहिला नरकासुर. दिवाळीच्या आदल्या रात्रभर डीजे, पहाटे त्याचा पुतळा पेटला की फटाके, आणि कुत्र्याला आपल्यापेक्षा दुप्पट वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. थरथरणं, लाळ, दार ओरबाडणं, हे सगळं भीतीचं, शिस्तीशी त्याचा संबंध नाही. जवळ घेतलं तर लाडावतो असं लोक सांगतात, खुशाल घ्या, भीती कुरवाळल्याने वाढत नाही. फार घाबरत असेल तर व्हेट आधी घ्यायचं औषध देतात, पण ते आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात गेलं पाहिजे. गेल्या वर्षी टायगरला आतल्या खोलीत पंखा फुल करून ठेवला, खिडकीला गोधडी बांधली, मी तिथेच चटई टाकली. पहाटे साडेचारला तो माझ्या पायावर डोकं ठेवून थरथरत होता आणि काळू कपाटावर बसून आम्हा दोघांकडे बघत होता. मी उठून त्याचा ट्रे बघितला, ओला होता.