ड्रॉचं अ‍ॅप म्हणजे फेन्सिंगचं सॉफ्टवेअर नव्हे

क्लबची स्पर्धा जवळ आली की कुणाचा तरी फोन येतोच. “आमच्याकडे बॅडमिंटनला वापरतो ते ड्रॉचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, तलवारबाजीलाही चालेल ना?” नाही चालणार. आणि “मग एक्सेलमध्ये करू” हे त्याहून वाईट. पैशांचा प्रश्न नंतर येतो. आधी ड्रॉचं अ‍ॅप आणि फेन्सिंगचं सॉफ्टवेअर या दोन गोष्टी एकच आहेत हा समज डोक्यातून जायला हवा.

बाद फेरीचा ड्रॉ तुम्हाला ठाऊक आहे. १६ ची चौकट, वरच्यांना बाय (न खेळता थेट पुढची फेरी), जिंकेल तो पुढे. तेवढं कुठलंही अ‍ॅप नीट करतं. आपल्याकडे, म्हणजे तलवारबाजीत (फेन्सिंगमध्ये), शेवटी तेच असतं, फक्त लढत १५ टचची (एक टच म्हणजे एक गुण).

घोळ त्याच्या आधी, पूलमध्ये होतो. कबड्डी-क्रिकेटच्या सवयीने आपण पूल म्हणजे गट समजतो: गटातले वरचे दोन पुढे, बाकीचे घरी. फेन्सिंगच्या पूलचं काम वेगळं आहे. सगळ्या पूलमधले सगळे खेळाडू एका यादीत ओळीने लावायचे आणि त्या यादीवरून बाद फेरीतली प्रत्येकाची जागा ठरवायची. म्हणजे जे एकमेकांशी खेळलेलेच नाहीत, त्यांची तुलना करायची. ड्रॉच्या अ‍ॅपला ही कल्पनाच नसते.

समजा १३ जण आले. एक पूल ७ चा, एक ६ चा. पहिल्यात प्रत्येकाच्या ६ लढती, दुसऱ्यात ५. साताच्या पूलमधल्या मुलीने ४ जिंकल्या, टच दिले २८, खाल्ले १७, म्हणजे इंडिकेटर (दिलेले वजा खाल्लेले) +११. सहाच्या पूलमधल्या मुलीनेही ४ जिंकल्या, पण दिले २३, खाल्ले १६, म्हणजे +७. एक्सेलवाला काय करतो? विजय मोजतो, चार-चार बरोबरी, मग इंडिकेटर बघतो आणि पहिलीला वर टाकतो. चूक. आधी विजय भागिले लढती. पहिलीचे ४/६, म्हणजे ०.६७, दुसरीचे ४/५, म्हणजे ०.८०. दुसरी वर. इंडिकेटर बघायची वेळच येत नाही. आता १६ च्या चौकटीत १३ जण असले की बाय तीनच. या दोघी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असतील, तर एक खुर्चीत बसून पाणी पिणार आणि दुसरी तेराव्या क्रमांकाशी लढणार. कुणी बसायचं, हे त्या एका भागाकाराने ठरतं.

“आमचे पूल सारखेच असतात” असं म्हणणाऱ्यांसाठी: पूल अर्धा झाल्यावर एखाद्याचा घोटा मुरगळला आणि त्याने माघार घेतली, तर त्याच्या आधीच्या लढतीही रद्द होतात, जणू तो खेळलाच नाही. झाला तुमचा सातचा पूल सहाचा. फेन्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावापुढे माघारीची खूण केली की सगळ्यांचे आकडे आपोआप बदलतात. एक्सेलमध्ये मी हे रबराने खोडल्यासारखं हाताने केलेलं आहे, आजूबाजूला चार पालक उभे असताना. पुन्हा करणार नाही.

दुसरा सापळा ४-४ चा. पूलमधली लढत ५ टच किंवा ३ मिनिटं, जे आधी होईल ते. वेळ संपली आणि बरोबरी असली की चिठ्ठी टाकून एकाला प्रायॉरिटी देतात आणि एक मिनिट वाढवून मिळतं. त्या मिनिटात टच झालाच नाही, तर प्रायॉरिटी असलेला जिंकतो, पण स्कोअर ४-४ च राहतो. पूल शीटवर, म्हणजे गुणांच्या तक्त्यावर, एकाच्या चौकोनात V4 (V म्हणजे विजय), दुसऱ्याच्या चौकोनात साधा ४. ड्रॉच्या अ‍ॅपला समान स्कोअर म्हणजे ‘अनिर्णित’. मग टेबलावरचा हुशार माणूस ५-४ टाकून मोकळा होतो आणि न झालेला टच दोघांच्या इंडिकेटरमध्ये जाऊन बसतो. याची मला मनस्वी चीड आहे.

बाकी फरक किरकोळ. एकाच क्लबची मुलं वेगवेगळ्या पूलमध्ये टाकणं, लढतींचा क्रम छापून देणं हे खरं सॉफ्टवेअर करतंच. तिसऱ्या क्रमांकाची लढत आपल्याकडे सहसा नसते, दोघांनाही कांस्य. ड्रॉचं अ‍ॅप ती आग्रहाने घुसवतं, ती काढून टाका.

मग घ्यायचं काय? बेलपूल. फ्रान्समधलं आहे, मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतं. (फ्रेंचमध्ये ‘पूल’ म्हणजे कोंबडीही आणि स्पर्धेतला पूलही. नावात तो विनोद आहे.) दिसायला रुक्ष आहे, पहिली संध्याकाळ वैताग येईल. अमेरिकेत सर्रास चालणारं फेन्सिंग टाइम जास्त सुटसुटीत आहे, पण ते विंडोजवरच चालतं आणि परवान्याचे पैसे पडतात. वर्षाला दोन स्पर्धा घेणाऱ्या क्लबने ते पैसे तलवारींच्या वायर आणि टिप दुरुस्त करायला ठेवावेत, असं माझं मत. मोबाइलवर लाइव्ह निकाल दिसतात का, हे विचारत बसू नका. भिंतीवर कागद चिकटवा, लोक तिथेच गर्दी करतात.

आणि सॉफ्टवेअर कुठलंही असो, पूल शीट कागदावरच भरा आणि खेळाडूंच्या सह्या घ्या. दुपारी तीन वाजता “माझा स्कोअर असा नव्हता” म्हणत कुणी आलं, तर लॅपटॉप काही साक्ष देत नाही.

ठरवण्याआधी घरी अर्धा तास काढा. तेरा खोटी नावं टाका, सातचा आणि सहाचा पूल करा. एका लढतीत ४-४ टाकून एकाला विजयी करून बघा. मग सातच्या पूलमधल्या कुणाला तरी मध्येच बाहेर काढा. अ‍ॅपने तक्रार न करता यादी नव्याने लावली, तर घ्या. ‘अनिर्णित’ असा शब्द दिसला, तर तिथेच बंद करा.