एटीएमला नोटा मोजता येतात, शिल्लक कळत नाही

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या नावावर नोटा निघत होत्या. सुमारे बारा हजार व्यवहार, ७८ कोटी रुपये. भारतातही, कोल्हापूर धरून, अडीच कोटी गेले. सोमवारी 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात जाऊन पडले. एकूण ९४ कोटींच्या वर. गंमत म्हणजे (बँकेला ती गंमत वाटली नसणार) एकाही खातेदाराची शिल्लक रुपयानेही घटली नाही.

हे कसं घडलं ते कळायला एटीएमचा अडाणीपणा समजून घ्यावा लागतो. त्याला नोटा मोजता येतात, पण तुमच्या खात्यात किती आहेत याचा त्याला पत्ता नसतो. कार्ड सरकवून पिन दाबला की ते एक निरोप धाडतं : अमुक कार्ड, अमुक रक्कम, देऊ का? मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर हा निरोप व्हिसा किंवा रूपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या 'स्विच'कडे जातो. हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे, निरोपांची ने-आण करणारा सर्व्हर. तो कोअर बँकिंगच्या, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणकातल्या, खातेवहीला विचारतो. वही 'हो' म्हणाली की ते 'हो' आल्या वाटेने परत जातं आणि मशीन नोटा बाहेर ढकलतं.

चोरांनी तिजोरी फोडली नाही, वहीलाही हात लावला नाही. बँकेच्या यंत्रणेत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसवून त्यांनी वहीकडे जाणारी वाट तोडली आणि मध्ये आपला तोतया स्विच बसवला. विचारा काहीही, उत्तर 'हो'. वहीला कुणी विचारलंच नाही, म्हणून कुणाची शिल्लक घटली नाही आणि खड्डा थेट बँकेला पडला. पुण्याला तोतये नवे नाहीत. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया इथे गाजला होता, पण त्याला निदान लोकांपुढे उभं राहून ओळख पटवावी लागली. यंत्राला चेहरा दिसत नाही. ठरलेल्या ठिकाणाहून, ठरलेल्या साच्यात उत्तर आलं की त्याचं समाधान होतं.

नोटा काढणाऱ्यांच्या हातातली कार्डंही नकली होती. चुंबकीय पट्टीवरची माहिती कायम तीच असते, त्यामुळे जुन्या कॅसेटवरून कॅसेट भरावी तशी ती दुसऱ्या कार्डावर उतरवता येते. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, कालचा आज चालत नाही. रिझर्व्ह बँकेने पट्टीची कार्डं बदलायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. चोर साडेचार महिने आधी आले.

आता 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आठवा. खाकी वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतो, खोलीबाहेर पडू नका, घरच्यांना सांगू नका म्हणतो. असल्या अटकेला कायद्यात जागाच नाही, हे शेजारच्या वकिलाने किंवा जवळच्या पोलीस चौकीने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. म्हणून तर तिकडची वाट आधी तोडतात. माझ्या मते 'लोक भोळे असतात' हे या फसवणुकीचं फार आळशी स्पष्टीकरण आहे. बँकेचा स्विचही भोळा नव्हता, त्याच्या जागी दुसराच बसला होता. 'पैसे मिळवायला यूपीआय पिन टाका' हीसुद्धा त्याच जातीची युक्ती. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, पण समोरचा इतकं भराभर बोलतो की पडद्यावर खरं काय लिहिलंय ते वाचायला उसंत मिळत नाही.

पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करा म्हणतात, त्यामागे साधा हिशेब आहे. गेलेली रक्कम आधी कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात उतरते आणि तिथून तिचे तुकडे होतात. तुकडे होण्याआधी खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. एटीएममधून निघालेल्या रोकडीला असं गोठवता येत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कॉसमॉस प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवलं. ही नकली कार्डांवर पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसं. तोतया स्विच बसवणारे त्यांच्यात नव्हते.